साठ लाख डॉलरचा चोक

जुन्या ट्यूबलाइटचं पेटणं आठवतं? बटण दाबलं की आधी पट्टीच्या दोन्ही टोकांना नारिंगी धग दिसायची. मग स्टार्टरचं टिक्. एकदा लखलखाट, पुन्हा अंधार, पुन्हा टिक्, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदाचा खोलीभर उजेड. एखाद्याला गोष्ट उशिरा कळली की त्याला आपण अजून ‘ट्यूबलाइट’ म्हणतो, ते या पट्टीवरूनच. उजळल्यावरसुद्धा ती गप्प बसायची नाही. चोकमधून बारीक गुंऽऽ असा आवाज चालू असायचा. दिवसा तो कोणाला जाणवत नसे. परीक्षेच्या रात्री सगळं घर झोपल्यावर मात्र पुस्तकाच्या पानापेक्षा त्या आवाजाकडेच लक्ष जायचं.

आता तो आवाज ऐकू येत नाही. दुकानातल्या, बँकेतल्या, शाळेतल्या पट्ट्या बटण दाबताच पेटतात आणि निमूट जळत राहतात. हा बदल इतक्या हळूहळू झाला की तो गुणगुणाट कधी थांबला हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. त्या आवाजामागे वाया जाणारी वीज होती. ती वाचवण्याची वाट ज्या प्रयोगशाळेत रुंद झाली, तिला त्या कामासाठी अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतून पैसे मिळाले होते. रक्कम होती सुमारे साठ लाख डॉलर. सरकारी हिशेबात एवढा पैसा कुठल्या कोपऱ्यात दिसतही नाही. पण त्यातून पुढे जे निघालं त्याचा आकडा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा एखादं शून्य चुकून जास्त पडलं असेल असं वाटून पुन्हा वाचला.

त्या आकड्याकडे जाण्याआधी चोक उघडून बघू.

जुना ‘कॉपर चोक’ हातात घेतलात तर आधी त्याचं वजन जाणवतं. आकाराने लहानशा डबीएवढा, पण दगडासारखा जड. पत्र्याचं आवरण काढलं की आत लोखंडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतात, त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, आणि बऱ्याचदा डांबरासारखा काळा मसाला ओतून सगळं घट्ट बसवलेलं. यात हलणारा एकही भाग नाही. मग याचं काम काय? याचं काम लगाम घालणं.

पट्टीत पाऱ्याची थोडी वाफ आणि एक निष्क्रिय वायू असतो. त्यातून वीज वाहू लागली की वायूचे अणू फुटून विद्युतभारित होतात. भारित कण वाढले की वीज आणखी सहज वाहते, त्यामुळे आणखी अणू फुटतात आणि वीज आणखी वाढते. मध्ये कोणी अडवणारं नसेल तर क्षणात पट्टी खाक होईल. तारेच्या वेढ्यांतून जाताना वाढत्या प्रवाहाला विरोध होतो आणि तो आटोक्यात राहतो. चोक नसेल तर ट्यूबलाइट नाही, इतकं साधं हे गणित आहे.

पण लगामाची किंमत मोजावी लागते. चाळीस वॉटच्या पट्टीमागे असा चोक आणखी दहा-बारा वॉट खाऊन त्याची नुसती उष्णता करतो. तो गुणगुणाट म्हणजे लोखंडाच्या पट्ट्यांचं थरथरणं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. दर फेरीत लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणून सेकंदाला शंभर थरथराट. नेमकी हीच लय पट्टीच्या आत आणखी एक नुकसान करत असते.

लोहाराचा भाता आठवा. भाता सावकाश, थांबून थांबून हलवला तर दोन फुंकांच्या मध्ये निखाऱ्यांवर राख धरते आणि पुढची अर्धी फुंक तेच निखारे पुन्हा लाल करण्यात जाते. पट्टीत तेच होतं. सेकंदाला शंभर वेळा प्रवाह शून्यावर येतो. तेवढ्या वेळात फुटलेले काही अणू पुन्हा जुळतात आणि पुढच्या फेरीला त्यांना नव्याने फोडावं लागतं. डोळ्यांना हे लुकलुकणं सहसा दिसत नाही, पण काहींना डोकेदुखीच्या रूपात ते भोवतं.

आता भाता भराभर हलवला तर? वीज सेकंदाला पन्नासऐवजी वीस-पंचवीस हजार वेळा पुढे-मागे केली तर? वायूला निवायला सवडच मिळत नाही. पट्टीच्या आतली धग सलग राहते, आणि तेवढ्याच विजेत तीच पट्टी साधारण दहा टक्के जास्त उजेड देते. इतक्या वेगाला लोखंडाचा जाड गाभा लागत नाही, म्हणून चोकमधली उष्णताही घटते. दोन्ही मिळून विजेची बचत वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते. आणि आवाजाचं काय? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकू येतं. त्या पट्टीची लय आपल्या कानांच्या पलीकडे निघून गेली. चोक गप्प झाला तो असा.

गंमत म्हणजे हे विज्ञान नवं नव्हतं. वेग वाढवला की पट्टी जास्त उजळते, हे जाणकारांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे आर्थर रोझनफेल्ड नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. एन्रिको फर्मी यांचे ते विद्यार्थी. विश्वातल्या मूलकणांचा शोध घेणाऱ्या, नोबेल मिळवलेल्या गटात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. त्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी घरी जायला निघताना त्यांच्या मनात आलं, की आपल्या मजल्यावरचे दिवे शनिवार-रविवार असेच जळत राहणार. त्यांनी ते बंद करायचं ठरवलं. कठीण भाग पुढेच होता, कारण बटणं सापडेनात. कुठे कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे, कुठे भिंतीवरच्या चित्राखाली दडलेली. वीस खोल्यांचे दिवे मालवायला त्यांना वीस मिनिटं लागली. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या वीस मिनिटांत एका माणसाच्या आयुष्याची दिशा बदलली. वीज इतकी स्वस्त मानली गेली होती की बटण कुठे आहे याची आठवण ठेवण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती. मूलकणांचं काम बाजूला ठेवून रोझनफेल्ड इमारतींकडे वळले. १९७४ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनला भौतिकशास्त्रज्ञांचा एक अभ्यासवर्ग भरला. ऊर्जा कशी निर्माण करावी याऐवजी ती कुठे कुठे गळते, हे तिथे तपासलं गेलं. त्यातून बर्कलीच्या टेकडीवरच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत इमारतींच्या ऊर्जेवर काम सुरू झालं. दिव्यांचा गट सॅम बर्मन या भौतिकशास्त्रज्ञांनी उभा केला. पैसा आला संघराज्य सरकारकडून, १९७७ नंतर नव्याने स्थापन झालेल्या ऊर्जा खात्याकडून.

इथे एक रास्त प्रश्न येतो. वीस-पंचवीस टक्के वीज वाचवणारी वस्तू बनवता येते हे माहीत होतं, तर कंपन्यांनी ती आपणहून का बनवली नाही? सरकारने त्यात पैसा का घालावा?

उत्तर इमारतीच्या अर्थशास्त्रात आहे. कार्यालयाची इमारत बांधणारा दिवे विकत घेतो, आणि वीजबिल भरतो तो भाडेकरू. बांधणाऱ्याला स्वस्त चोक हवा असतो, तो खाणार असलेल्या विजेचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून जाणार असतात. चोकच्या बाजाराचा मोठा हिस्सा थोड्याच कंपन्यांच्या हाती होता, आणि त्यांचे कारखाने लोखंड-तांब्याच्या चोकसाठीच उभे होते. चालू धंदा मोडून, न मागितलेला माल, न तपासलेल्या तंत्राने बनवायला कोण पुढे येणार? छोट्या कंपन्यांकडे कल्पना होती, पण हात पोचत नव्हता. नवा चोक तापला तर, वर्षभरात बिघडला तर, रुग्णालयातल्या यंत्रांत त्याने खरखर उठवली तर, ही सगळी जोखीम त्यांना पेलणारी नव्हती.

बर्मन यांच्या गटाने ती जोखीम वाटून घेतली. सरकारी निधीतून छोट्या कंपन्यांना नमुने बनवायला कंत्राटं दिली. ते नमुने प्रयोगशाळेत महिनोन् महिने जाळले, मोजले, दुरुस्त करून पुन्हा मोजले. मग ते खऱ्या इमारतीत नेले. सॅन फ्रान्सिस्कोत तिथल्या वीज कंपनीच्याच उंच कार्यालयात नवे चोक बसवले गेले आणि वरच्या पट्ट्यांखाली माणसं रोजच्यासारखी काम करत असताना विजेची नोंद ठेवली गेली. निकाल सर्वांसाठी खुले केले. कोणत्याही अभियंत्याला, नियम लिहिणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला ते वाचता येत होते.

ही कामं दिसायला रूक्ष आहेत. यात ‘युरेका’ म्हणत धावत सुटावं असा क्षण नाही. पण न दिसणाऱ्या बटणांच्या शोधासारखंच हे काम आहे. कपाटं सरकवत राहावं लागतं. ऐंशीच्या दशकात नवे चोक बाजारात स्थिरावले, मोठ्या कंपन्याही त्यात उतरल्या, राज्यांचे आणि पुढे देशाचे नियम बदलत गेले. आपल्या दुकानांत ‘इलेक्ट्रॉनिक चोक’ मिळू लागला, तो याच वाटेने जगभर पसरलेल्या तंत्राचा भाग.

आता तो आकडा.

२००१ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सरकारी ऊर्जासंशोधनाचा हिशेब मांडला. १९७८ पासूनच्या सुमारे दोन दशकांत ऊर्जा खात्याने संशोधनावर जो पैसा खर्चला, तो सार्थकी लागला का, असा सरळ प्रश्न अहवालाच्या नावातच विचारलेला होता. अनेक प्रकल्प फसलेले निघाले आणि अहवालाने ते लपवलं नाही. पण इलेक्ट्रॉनिक चोकच्या ओळीसमोर लिहिलं होतं : सरकारी खर्च सुमारे ६० लाख डॉलर, देशाला झालेला निव्वळ लाभ सुमारे १५ अब्ज डॉलर.

एका डॉलरमागे अडीच हजार.

यातला खरा विस्मय हिशेबाच्या पद्धतीत आहे. अहवाल लिहिणाऱ्या समितीने मुद्दाम हात आखडता घेतला होता. सरकारने पैसा दिला नसता तरी हे तंत्र कधी ना कधी आलंच असतं, फक्त पाच वर्षं उशिरा, असं ती धरून चालली. म्हणजे त्या चोकने आजवर वाचवलेली सगळी वीज या १५ अब्जांत मोजलेलीच नाही. एक चांगली वस्तू पाच वर्षं आधी आली, एवढ्याचंच हे मोल. पाच वर्षांच्या उशिराची किंमत इतकी मोठी असते, कारण तोवर दर महिन्याला लाखो जुने चोक नव्या छतांत बसत असतात आणि एकदा बसले की पुढची पंधरा-वीस वर्षं तिथून हलत नाहीत.

त्याच अहवालात उष्णता परतवणाऱ्या खिडकीच्या काचा आणि फ्रिजचे सुधारलेले कॉम्प्रेसर यांचीही नावं आहेत. या तीन गोष्टींवर मिळून सव्वा कोटी डॉलरही लागले नव्हते. ऊर्जाबचतीच्या साऱ्या संशोधनावर सुमारे सात अब्ज डॉलर खर्च झाले आणि लाभ निघाला सुमारे ३० अब्ज. त्या लाभाचा बहुतेक भाग या तिघांचा. कोणते तीन निघतील हे आधी कोणालाच सांगता आलं नसतं. पेरणी सगळ्या वावरात करावी लागते.

एवढं होऊनही २००१ च्या सुमारास अमेरिकेतली पाचव्या हिश्श्याहून जास्त वीज दिव्यांवरच जात होती. इमारतीत दिव्याची वीज दोनदा खर्च होते, कारण दिव्याने घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरतो आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीला पुन्हा वीज लागते. पट्टीतून आणखी काही काढायला फारशी जागा उरली नव्हती. पुढचं पाऊल वायूच्या दिव्यापलीकडचं, घन पदार्थातून थेट उजेड काढणाऱ्या एलईडीचं होतं. ते टाकायला लागणारा एक रंग जपानने दिला होता.

लाल एलईडी १९६२ पासून होती, पण पांढऱ्या उजेडासाठी निळी हवी होती, आणि ती तीस वर्षं कोणाला जमेना. त्यासाठी गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक लागत. नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी यांच्या हाताखाली हिरोशी अमानो या विद्यार्थ्याने पंधराशेहून अधिक वेळा ते वाढवून पाहिले. दर वेळी खडबडीत, धुरकट थर. १९८५ मध्ये त्याने आधी कमी तापमानाला अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर स्फटिक वाढवला. भट्टीतून तुकडा निघाला तो काचेसारखा पारदर्शक. इतका, की आत काही वाढलंच नाही अशी शंका यावी. आकासाकींच्या या कामाला पुढे जपान सरकारच्या विज्ञानसंस्थेने पैसा दिला. दुसरीकडे तोकुशिमामधल्या निचिया या आडगावच्या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी मालक नोबुओ ओगावा यांच्याकडे जाऊन सरळ निळ्या एलईडीसाठी पैसे मागितले, आणि ओगावांनी ते दिले. १९९३ मध्ये झगझगीत निळी एलईडी जगापुढे आली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. एकीकडे सरकार, दुसरीकडे एक मालक. दोघांनीही निकालाची हमी न मागता वाट पाहिली.

निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणारी भुकटी लावली की डोळ्याला पांढरं दिसतं. आपल्या घरातले बहुतेक एलईडी दिवे असेच आहेत. पण चिपपासून खोली उजळणाऱ्या दिव्यापर्यंतचं अंतर मोठं होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने त्यासाठी वेगळा संशोधनकार्यक्रम उभारला. या खात्याच्या पैशातून झालेली तीन कामं मला फार मोलाची वाटतात.

पहिलं, एक गूढ उकललं. एलईडीला कमी वीज दिली तर ती उत्तम चालते, पण जास्त दिली की उजेड त्या प्रमाणात वाढत नाही. याचं कारण वर्षानुवर्षं वादात होतं. एलईडीच्या आत एक इलेक्ट्रॉन आणि एक रिकामी जागा भेटतात, आणि त्या भेटीतून प्रकाशाचा कण जन्मतो. गर्दी वाढली की शेजारी तिसरा इलेक्ट्रॉन उभा असतो. भेटीतून सुटलेली ऊर्जा प्रकाश व्हायच्या आत तोच घेऊन पळतो. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठातल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी अशा पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांना एलईडीच्या पृष्ठभागावरून बाहेर पडताना थेट पकडलं. अमेरिकेतल्या बाजूचा पैसा ऊर्जा खात्याचा होता. दोष कुठे आहे हे कळलं, तेव्हाच त्यावरच्या उपायांना नेमकी दिशा मिळाली.

दुसरं काम जास्त साधं, आणि म्हणून जास्त धाडसाचं. २००६ पासून ऊर्जा खात्याने बाजारातून गुपचूप एलईडी दिवे विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. तपासणीचं साधन म्हणजे आतून पांढराशुभ्र रंगवलेला एक पोकळ गोल. दिवा मध्ये लावायचा, गोल बंद करायचा. उजेड कुठेही फेकला जावो, भिंतींवरून शेकडो वेळा परावर्तित होऊन तो सगळीकडे सारखा पसरतो आणि भिंतीतल्या एका लहानशा खिडकीतून दिव्याचा सगळा उजेड मोजता येतो. खोक्यावरचे दावे आणि गोलातले आकडे यांत बऱ्याच दिव्यांच्या बाबतीत मोठी तफावत निघाली, आणि ती जाहीर झाली. याआधी सीएफएल दिव्यांनी घाईने बाजारात येऊन लोकांचा विश्वास गमावला होता. एलईडीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. उत्तम तंत्रसुद्धा खोट्या लेबलमुळे मरू शकतं, म्हणून प्रामाणिक मोजमापालाही निधी द्यावा लागतो.

तिसरं, बक्षीस. २००७ च्या कायद्याने ‘एल प्राइझ’ जाहीर केलं. साठ वॉटच्या बल्बची जागा घेणारा दिवा बनवा, दहा वॉटच्या आत नऊशे ल्युमेनहून जास्त उजेड द्या, रंग साध्या बल्बइतका ऊबदार आणि खरा हवा, आयुष्य पंचवीस हजार तासांहून जास्त हवं. जिंकणाऱ्याला एक कोटी डॉलर. २००९ मध्ये फिलिप्सने दोन हजार दिवे पाठवले. दिवा हातात घेतल्यावर विचित्र वाटावा असा होता. बल्बच्या काचेच्या जागी लिंबासारख्या पिवळ्या रंगाच्या फुगीर पाकळ्या. पिवळी भुकटी चिपला चिकटवण्याऐवजी दूर या पाकळ्यांत ठेवली होती. विझलेला असताना पिवळाधमक, आणि पेटला की ऊबदार पांढरा.

त्यातले दोनशे दिवे वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत अहोरात्र जळत ठेवले गेले. आणखी काही दिव्यांना हादरे, दमट हवा आणि टोकाची उष्णता-थंडी यांतून काढलं गेलं. दिवा निघाला ९.७ वॉटचा, ९१० ल्युमेनचा. ऑगस्ट २०११ मध्ये बक्षीस जाहीर झालं, तरी ते दोनशे दिवे विझवले नाहीत. पंचवीस हजार तास म्हणजे न थांबता जवळजवळ तीन वर्षं. तो टप्पा आला तेव्हा दोनशेपैकी एकही गेला नव्हता.

२०१२ मध्ये तो दुकानात आला तेव्हा एका दिव्याची किंमत होती सुमारे पन्नास डॉलर. एवढ्या महाग दिव्यासाठी जनतेचा पैसा कशाला, अशी टीका झाली. टीका चुकीची नव्हती, घाईची होती. कारण पुढची चार वर्षं बघा, आणि या वेळी आपल्याकडे बघा. भारत सरकारच्या ईईएसएल या कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये एलईडी बल्ब घाऊक खरेदी केले ते ३१० रुपयांना एक. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. महाराष्ट्रात लोक वीजबिल घेऊन रांगेत उभे राहिले आणि बल्ब घेऊन घरी गेले. २०१६ मध्ये खरेदीची किंमत ३८ रुपयांवर आली. योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. हा किमतीचा चमत्कार प्रचंड खरेदीने घडवला, आणि त्याचं श्रेय खरेदी करणाऱ्यांचंच. पण घाऊक खरेदीने स्वस्त होते ती आधी कोणीतरी शोधलेली, मोजलेली, विश्वासाला उतरलेली वस्तू. त्या ३८ रुपयांच्या मागे नागोयातले पंधराशे फसलेले प्रयोग आहेत, तो पांढरा गोल आहे आणि रिचलंडमधले दोनशे न विझलेले दिवेही आहेत.

बर्कलीच्या त्याच प्रयोगशाळेने पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठासोबत इमारतींच्या ऊर्जेवर संयुक्त केंद्र चालवलं, दोन्ही देशांच्या सरकारी निधीतून. आर्थर रोझनफेल्ड २०१७ मध्ये गेले. त्याआधी, २०१० मध्ये, ऊर्जाक्षेत्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी बचत मोजायला एक माप सुचवलं : वर्षाला तीन अब्ज युनिट वाचले की एक ‘रोझनफेल्ड’. पाचशे मेगावॉटचं कोळशाचं एक वीजकेंद्र उभारावं न लागण्याइतकी ही बचत. विजेच्या इतिहासात वॉट, व्होल्टा, अँपिअर यांची नावं मापांना आहेत. वीज न वापरण्याच्या मापाला नाव मिळालेला माणूस मात्र एका शुक्रवारी कपाटामागची बटणं शोधत होता.

काम संपलेलं नाही. हिरव्या रंगाची एलईडी अजून निळ्या-लाल एलईडीपेक्षा मागे आहे. ती दरी भरली तर भुकटीशिवाय, रंग मिसळून, आणखी कमी विजेत पांढरा उजेड मिळेल. खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहून आपणहून मंद होणारे, रिकामी खोली ओळखणारे दिवे अजून थोड्याच इमारतींत आहेत. आपल्या देशात पुढच्या काही दशकांत जेवढी बांधकामं होणार आहेत, तेवढी फार थोड्या ठिकाणी होतील. त्या छतांत काय बसेल हे आज कोणत्या संशोधनाला पैसा मिळतो यावर ठरणार आहे, आणि भारत संशोधनावर देशाच्या उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही.

म्हणून एक विनंती. संशोधनाला इतका पैसा कशाला, असं कोणी तुमच्यासमोर विचारलं, तर त्याला वर बघायला सांगा. छतावरची पट्टी जळते आहे आणि तिचा आवाज येत नाही. त्या शांततेला साठ लाख डॉलर लागले, आणि पाच वर्षं उशीर झाला असता तर तिची किंमत १५ अब्ज झाली असती.